नाव सोसायटीचं, यंत्र माझ्या घरातलं

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी मध्येच विचारलेले प्रश्नही घेतले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणकयुगातील सहकार' असं काहीतरी भारदस्त छापलंय. ते सोडून द्या. मी बोलणार आहे ते अगदी साध्या गोष्टीवर. तुम्ही मोबाइलवर आपल्या सोसायटीचं नाव टाकता, पुढे डॉट इन लिहिता आणि समोर टाकी सफाईची सूचना येते, वार्षिक सभेचं इतिवृत्त येतं, २००३ च्या गणपतीतला तो फोटो येतो, ज्यात आपले आजचे खजिनदार उंदीर झालेत. (हशा) हे सगळं कुठून येतं? पुष्कळांना वाटतं, अमेरिकेतून. ते येतं बी-विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून. माझ्या घरी टीव्हीच्या फडताळात जाडजूड पुस्तकाएवढं एक यंत्र आहे, त्यातून. आणि पुढच्या महिन्यापासून ते तिथून येणार नाही, कारण मी मुलीकडे नाशिकला राहायला जाते आहे आणि घर बंद राहणार आहे. तरीही वेबसाइट तुम्हाला त्याच नावाने दिसली पाहिजे. ती कशी दिसेल आणि त्यासाठी काय सांभाळावं लागेल, एवढंच आज सांगायचंय.

आधी थोडं मागचं, कारण २०१८ नंतर राहायला आलेल्यांना ते ठाऊक नाही.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. आपल्या कल्याणात वालधुनीने काय केलं ते मात्र आपल्यालाच माहीत. तळमजल्यावरच्या ऑफिसात कमरेइतकं पाणी होतं. सोसायटीची पहिली पाच वर्षं त्या पाण्यात गेली. इतिवृत्तं, पावतीपुस्तकं, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, सगळं. ए-विंगच्या गच्चीवर दोऱ्या बांधून आम्ही बायकांनी ती पानं चिमटे लावून वाळत घातली होती. निम्म्या पानांवर शाईचे निळे ढग उरले. ऑफिसच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ आपण मुद्दाम रंगवून ठेवली आहे, ती मुलांना एकदा दाखवा.

तेव्हापासून सभेत ठरलं की महत्त्वाचं प्रत्येक पान स्कॅन करायचं. २०१२ साली एका गृहस्थांनी आपल्याला वेबसाइट करून दिली, दर वर्षी पैसे घेत. छान होती, वर मोराचं चित्र होतं. २०१७ मध्ये त्यांनी धंदा बंद केला, फोन लागेना. आणि एके दिवशी वेबसाइट गेली. तेव्हा लक्षात आलं की ते नाव नोंदलेलं होतं त्या गृहस्थांच्या नावावर. खातं त्यांचं, ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांचा. आपण फक्त पैसे भरत होतो. मुदत संपली, नाव मोकळं झालं आणि काही महिन्यांत ते दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. तोवर आपल्या लेटरहेडवर तो पत्ता छापलेला होताच. आपल्या एका सभासदांनी कर्जासाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र बँकेत दिलं, तिथल्या बाईंनी खातरजमा करायला पत्ता उघडला आणि समोर आली ऑनलाइन रमी. (हशा) आता हसू येतं, पण त्यांचं कर्ज त्या पत्रापायी तीन आठवडे अडकलं होतं.

हा प्रकार आपल्याला नवा वाटायचं काही कारण नव्हतं. इमारत आपली, फ्लॅट आपले, मेंटेनन्स आपण भरतो आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव बिल्डरचं. अभिहस्तांतरणासाठी आपण किती वर्षं निबंधकाच्या कचेरीत चकरा मारल्या ते पहिल्या फळीतल्या मंडळींना विचारा. नावाच्या बाबतीत आपण तीच गोष्ट पुन्हा घडू दिली होती. फरक एवढाच की जमीन शेवटी मिळाली, ते नाव मिळालं नाही. आजचं नाव नवं आहे, २०१९ चं.

आणि हे मोठमोठ्यांचंही होतं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी 'पासपोर्ट डॉट कॉम' या आपल्या नावाचं शुल्क भरायला विसरली. त्या नावावर हॉटमेलचं लॉगिन अवलंबून होतं, त्यामुळे लोकांचे ईमेल उघडेनात. मायकल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि गाडी रुळावर आली. आपल्याला तसा कुणी सज्जन भेटला नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: नाव विकतच घेऊन टाकता येत नाही का कायमचं?)

नाही. भाडेपट्टाच असतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं भरता येतात, मग पुन्हा वाढवायचं. आपण पूर्ण दहा वर्षांचे पैसे भरलेत, म्हणजे २०२९ पर्यंत. पण मी मुदतीपेक्षा दुसऱ्या गोष्टीला जास्त जपते. नाव सोसायटीच्या नावावर आहे, त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव आहे, बिल सोसायटीच्या नावाचं आहे. खात्याचा ईमेल ऑफिसचा आहे, सचिवांचा स्वतःचा नाही. सचिव बदलतात, आणि जुने सचिव कॅनडात, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, असला प्रकार मी शेजारच्या दोन सोसायट्यांत पाहिलाय. म्हणून ऑफिसच्या खणात तो साधा बटणांचा मोबाइल आहे. तो जुनाट दिसतो म्हणून मध्यंतरी कुणीतरी भंगारात काढायला निघालं होतं. कृपा करून काढू नका. आपल्या नावाचा ओटीपी त्याच्यावर येतो.

आता नाव आणि यंत्र यांचा संबंध.

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली. आमच्याकडे नंबर हा जागेला बांधलेला असायचा. तुम्ही एका एक्स्चेंजच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत राहायला गेलात की शिफ्टिंगचा अर्ज करायचा आणि नवा नंबर घ्यायचा. माणूस तोच, नाव तेच, नंबर वेगळा. म्हणून डिरेक्टरी. पण डिरेक्टरी छापून होईपर्यंत तिच्यातले कितीतरी नंबर बदललेले असायचे, म्हणून १९७. १९७ फिरवायचा, नाव सांगायचं आणि आमच्यातली कुणीतरी नंबर सांगायची. काही जण नंबर विचारून झाल्यावर गप्पाही मारायचे.

इंटरनेटवर याहून वेगळं काही नाही. जोडलेल्या यंत्राला नंबर असतो. चार आकडे, मध्ये टिंबं, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. यंत्रं एकमेकांना नंबरानेच ओळखतात. नावं आपल्यासाठी. अगदी सुरुवातीला अमेरिकेतल्या त्या जाळ्यात यंत्रं इतकी थोडी होती की सगळी नावं आणि नंबर एकाच यादीत मावायचे. ती यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई, आणि ती सांभाळणाऱ्या कचेरीच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं यंत्र जोडलं की त्यांच्याकडे कळवायचं, मग ते यादीत चढायचं. म्हणजे इंटरनेटचं पहिलं १९७ एक बाईच चालवत होती! हे वाचलं तेव्हा मी टाळी वाजवली, घरात एकटी असताना. पुढे यंत्रं वाढली, एक यादी पुरेना आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची पद्धत आखली. डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. तिच्यात एक मोठी यादी कुठेच नाही. वह्या वाटून दिलेल्या आहेत.

तुम्ही आपलं नाव टाकलंत की तुमच्या इंटरनेट कंपनीचं एक यंत्र चौकशीला निघतं. आधी सगळ्यात वरच्यांना, म्हणजे रूट सर्व्हरना, विचारतं की 'डॉट इन' कोण बघतं? या वरच्यांची नावं तेरा आहेत, ए पासून एम पर्यंत, आणि प्रत्येक नावामागे जगभर पसरलेली पुष्कळ यंत्रं आहेत. ते सांगतात, डॉट इनची वही भारतात निक्सीकडे आहे. २००५ पासून ती निक्सीकडेच आहे. मग तिथे विचारायचं, या सोसायटीचं काय? तिथून उत्तर येतं की यांची वही अमुक नेमसर्व्हरकडे. मग त्याला विचारायचं, आणि तो शेवटी नंबर सांगतो. पोस्टमनने आधी तालुका विचारावा, मग पेठ, मग सोसायटी आणि गेटवर येऊन फ्लॅट विचारावा, तसं. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

यातली फक्त शेवटची वही आपल्या हातात असते. लोक म्हणतात, डोमेन पॉइंट केलं. केलं काय, तर त्या वहीत एक ओळ लिहिली: हे नाव, हा नंबर. तिला ए रेकॉर्ड म्हणतात. दुसरी एक ओळ असते सीनेम, टोपणनावासाठी. पुढे तीन वेळा डब्ल्यू लावून आलात तरी इकडेच या, असं तिने सांगायचं. आणि तिसरी एमएक्स, टपालाची. आपल्या नावाचे ईमेल माझ्या घरी येत नाहीत, ते एका ईमेल कंपनीकडे जातात, कारण घरगुती जोडणीवरून पाठवलेले ईमेल बाकीचे लोक बहुधा कचऱ्यातच टाकतात. वेबसाइट एकीकडे, टपाल दुसरीकडे, नाव एकच. ज्यांनी वही बघितली नाही त्यांना हे जादूसारखं वाटतं.

देवनागरी नावाबद्दल मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. 'डॉट भारत' ऑगस्ट २०१४ पासून मिळतं, मराठीत नाव घेता येतं. आतमध्ये ते नाव रोमन अक्षरांत बदलून साठवतात, सुरुवातीला एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा लावून. आपल्याला ते दिसत नाही. मी घ्यायला तयार होते. पण कार्यकारिणीत आपल्या इमारतीच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी यावर पाऊण तास गेला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. तो अजून तिथेच आहे. गंमत सोडली तर मुद्दा खरा आहे. नाव टाकताना वेलांटी चुकली की माणूस भलतीकडेच जातो.

आता मुख्य अडचणीकडे येते. वहीत नंबर लिहायचा हे सोपं. पण घराला नंबर असतो का?

मला वाटलं होतं, असतो. राउटर उघडून पाहिला तर नंबर १०० ने सुरू होत होता. आणि 'माझा पत्ता काय' असं बाहेरच्या एका पानावर विचारलं तर वेगळाच नंबर. हे असं का, ते ऐका. जुन्या पद्धतीचे नंबर सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातला शेवटचा गठ्ठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला. त्यामुळे कंपन्या शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच नंबर देतात आणि आत १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले नंबर वाटतात. आपलं इंटरकॉमचंच घ्या. तुम्ही इंटरकॉमवरून गेटवर बोलता, पण पुण्याहून तुमच्या बहिणीने ३०४ फिरवला तर तिचा फोन तुमच्या घरात वाजेल का? नाही वाजणार. मधला बोर्ड तुमच्याकडे जोडून देत नाही. माझ्या यंत्राचं तेच झालं होतं. आतून बाहेर सगळं ठीक, बाहेरून आत कुणीच येऊ शकत नव्हतं.

यावर उपाय आहेत. कंपनीला सरळ सांगायचं, मला स्वतःचा सार्वजनिक नंबर द्या. फोनवरच्या पहिल्या मुलाला कळणार नाही, दुसऱ्यालाही कळणार नाही, तिसरा म्हणेल की वर्षाला जादा पैसे पडतील. ते भरायचे. आपण भरतो, सोसायटीच्या खात्यातून, आणि नंबर कायमचा एकच राहतो. ज्यांना सार्वजनिक नंबर मिळतो पण तो राउटर बंद-चालू झाला की बदलतो, त्यांनी यंत्रात एक छोटा प्रोग्राम ठेवायचा. तो दर पाच मिनिटांनी बघतो की नंबर बदलला का, आणि बदलला तर वहीतली ओळ स्वतःच खोडून नवी लिहितो. १९७ वाली बाई तुमच्या घरीच बसवल्यासारखं. आणि ज्यांना नंबर मिळतच नाही त्यांच्यासाठी बोगदा: घरातलं यंत्रच बाहेरच्या एखाद्या यंत्राशी जोडून राहतं आणि पाहुणे त्या वाटेने आत येतात. आयपीव्ही६ नावाचे नवे नंबरही आहेत, ते भरपूर आहेत, पण बघणाऱ्याकडेही ते असावे लागतात. सगळ्यांकडे नाहीत म्हणून एकट्या त्यांच्यावर मी विसंबत नाही.

नंबर मिळाला तरी पाहुणा येतो गेटपर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत. घरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, सगळे मागे उभे. कुणाला भेटायचंय? राउटरला वॉचमनसारखं लिहून द्यावं लागतं की ८० आणि ४४३ या दारांवर कुणी आलं तर त्याला १९२.१६८.१.५० कडे पाठव. हा यंत्राचा घरातला नंबर, आणि तो राउटरमध्ये राखून ठेवायचा, नाहीतर वीज गेल्यावर पाहुणे टीव्हीकडे जातील. बाकी सगळी दारं बंद. राउटरचं स्वतःचं पान बाहेरून उघडू द्यायचं नाही. यंत्रात लांबून शिरायचं दार तर मुळीच नाही. ज्या दिवशी मी ८० नंबरचं दार उघडलं त्या रात्री नोंदवहीत बघितलं तर जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून लोक कडी वाजवून गेले होते. माणसं नव्हेत, आपोआप फिरणारे प्रोग्राम. त्यांना आपल्या इतिवृत्तात रस नाही, सैल कडी हवी असते.

एक गंमत सांगून ठेवते, म्हणजे घरी करून बघणारा कुणी रात्रभर जागणार नाही. सगळं बरोबर केलं आणि घरच्या वायफायवरून आपलंच नाव उघडलं तर कधीकधी उघडत नाही. काही राउटरना घरातून निघून घरातच परत यायची वाट माहीत नसते. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइलच्या डेटावरून बघा. उघडलं, तर जगाला दिसतंय.

कुलपाच्या चिन्हाबद्दल थोडंसंच. ते प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते. आपण घेतो ते ९० दिवस चालतं, म्हणून यंत्रच ते मुदतीआधी आपोआप नवं घेतं. ते मिळवताना संस्था बघते की नाव खरंच तुमच्या यंत्राकडे येतं का. म्हणजे वही चुकली तर कुलूपही जातं.

(प्रश्न: काकू, एवढा खटाटोप कशाला? महिन्याला थोडे पैसे टाकले की भाड्याने जागा मिळते की.)

मिळते. आणि आपलं दुकान असतं, रोज ऑर्डरी येत असत्या, तर मीच म्हटलं असतं की भाड्याने घ्या. घरची वीज जाते, खड्ड्यात केबल तुटते. पण आपला हा फलक आहे, गेटजवळ असतो तसा. दोन तास दिसला नाही तर आभाळ कोसळत नाही. उलट, यंत्राला साधारण ५ वॉट लागतात. महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट झाली, तुमचा जुना ७५ वॉटचा पंखा दोन दिवस अखंड फिरला तर तेवढीच होतात. आणि इतकी वर्षं जपलेले स्कॅन आपल्याच भिंतीआड आहेत हे मला बरं वाटतं, हा माझा स्वभाव आहे, त्यावर वाद नको. उद्या कार्यकारिणीने ठरवलं की भाड्याची जागा घ्यायची, जरूर घ्या. वहीतली तीच एक ओळ बदलेल, तुम्हा कुणाला काही नव्याने पाठ करावं लागणार नाही. नाव आपल्या हातात असलं की यंत्र कुठेही ठेवा. २०१७ ला आपल्याकडे सगळे स्कॅन होते, सीडीवर होते, एकही पान गेलं नव्हतं. गेलं होतं ते नाव.

(प्रश्न: थकबाकीदारांची यादी टाका ना त्यावर!) (हशा, टाळ्या)

टाकणार नाही. सभासदांचे फोन नंबर नाहीत, 'जे' नमुन्याची यादी नाही, थकबाकी नाही, कुणाच्या भाडेकराराची प्रत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय तो आहेच, पण कायदा नसता तरी टाकली नसती. गेटवरचा फलक चाळीस माणसं वाचतात. हा सगळं जग वाचतं आणि काढून टाकला तरी कुठेतरी प्रत राहते. ते कागद यंत्रावरच ठेवायचे नाहीत, पासवर्ड लावूनसुद्धा नाही. ज्यांना बघायचेत त्यांनी ऑफिसात अर्ज करावा.

आता यंत्र हलवायचं कसं, ते.

नवं यंत्र सोसायटीने घेतलंय. ते ऑफिसात ठेवायचं नाही, ती रेघ आठवा. या सभागृहाच्या मागच्या खोलीत, म्हणजे पहिल्या मजल्यावर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहील. खालच्या ऑफिसची इंटरनेट जोडणी दुसऱ्या कंपनीची आहे. तीच केबलने वर आणली आहे आणि तिच्यावर कायमचा नंबर मागून घेतलाय. म्हणजे नंबर बदलणार.

वहीतल्या प्रत्येक ओळीशेजारी एक आकडा असतो, टीटीएल, सेकंदांत. मला एकदा विचारलंत की एवढा वेळ उत्तर लक्षात ठेवा, पुन्हा विचारू नका, असा त्याचा अर्थ. आपला आकडा ८६,४०० आहे, म्हणजे एक दिवस. मी आज ओळ बदलली तर कुणाला नवा नंबर लगेच मिळेल, कुणाला उद्या याच वेळी. म्हणून आधी तो आकडा ३०० करायचा, पाच मिनिटं. आणि मग पुरता एक दिवस थांबायचं, कारण जुना एक दिवसवाला निरोप कुणाकुणाच्या डोक्यात अजून असतो. मग नंबर बदलायचा. त्यानंतर दोन दिवस दोन्ही यंत्रं चालू ठेवायची. त्या दोन दिवसांत नवी सूचना कुणी टाकायची नाही, कारण ती एकाच यंत्रावर जाईल आणि निम्मी सोसायटी म्हणेल, आम्हाला दिसली नाही. भांडणं लावायची असतील तर याहून सोपा मार्ग नाही. दोन दिवसांनी माझ्याकडे कुणी येत नाही हे नोंदवहीत बघून मी माझं यंत्र बंद करीन आणि आकडा पुन्हा एक दिवसावर नेऊन ठेवीन.

काम बघायला सी-विंगमधला आपला अकरावीतला मुलगा आणि डी-विंगमधल्या त्या बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनी तयार झाल्या आहेत. तिसरं कुणीतरी हवं. मुलगा दोन वर्षांत शिकायला बाहेर जाईल, वहिनींना नातू होणार आहे. पासवर्ड, कोणत्या खात्यात काय आहे, कुठल्या तारखेला काय भरायचं, हे सगळं मी हाताने लिहून लाखेने बंद केलेल्या पाकिटात ठेवलंय. पाकीट मागच्या खोलीतल्या कपाटात आहे, चावी सचिवांकडे आणि दुसरी खजिनदारांकडे. पाकिटावर एक ओळ लाल शाईने लिहिली आहे: 'तुमच्या नावाची मुदत संपते आहे, ताबडतोब पैसे भरा' असा ईमेल आला तर त्यातल्या दुव्यावर पैसे भरायचे नाहीत, स्वतः खात्यात जाऊन तारीख बघायची. असे खोटे ईमेल मला वर्षाला पाच-सहा येतात.

येत्या तीन रविवारी सकाळी दहा वाजता मी याच खोलीत बसणार आहे. ज्यांना शिकायचंय त्यांनी यावं, वयाची अट नाही, चहा माझ्याकडून. पहिल्या रविवारी राउटर उघडून बघू, दुसऱ्या रविवारी वही, तिसऱ्या रविवारी प्रत्यक्ष ओळ बदलू, आणि ती मी बदलणार नाही, तुमच्यातलं कुणीतरी बदलेल. येताना चष्मा आणा. राउटरच्या मागचे आकडे फार बारीक छापलेले असतात.